बोल्ट, गॉर्ज आणि आजीची सही

गेल्या गुरुवारची गोष्ट. दीडची मीटिंग दोनला संपली, दोनची सव्वादोनला सुरू झाली, आणि मधल्या पंधरा मिनिटांत डबा उघडून मी पोळीची सुरळी करून आत ढकलत होतो. कॅमेरा चालूच राहिला होता हे माझ्या लक्षात नव्हतं. पलीकडे यॉर्कशरमध्ये क्लायंटकडच्या एक बाई असतात, वयाने माझ्या आईएवढ्या. त्या हसून म्हणाल्या, "डोन्ट बोल्ट इट!"

मी मेकॅनिकलचा. चार वर्षं नटबोल्टच्या ड्रॉइंगमध्ये घालवली आणि मग सगळ्यांसारखा हिंजवडीत येऊन जावा लिहायला लागलो. त्यामुळे बोल्ट म्हटल्यावर डोळ्यासमोर षटकोनी डोकं आणि आटे. ही बाई मला पोळी कशाला बसवू नको म्हणतेय? दोन सेकंद लागले. मग कळलं की न चावता घशाखाली सारणं याला इंग्रजीत बोल्ट करणं म्हणतात. मी 'सॉरी' म्हणालो (का म्हणालो देव जाणे) आणि कॅमेरा बंद केला.

एवढ्यावर संपलं असतं. पण शनिवारी दुपारी काका आले.

काका म्हणजे आजीच्या भावाचा मुलगा, बाबांचा मामेभाऊ. आजीचं माहेर मुळशी तालुक्यातलं, धरणाच्या वरच्या अंगाला. काका जेवायला बसले आणि ताटाशेजारी एक गुळगुळीत कागदाचं ब्रोशर ठेवलं. हिरवी दरी, ढग, पांढरा बंगला, आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं : 'गॉर्जस गॉर्ज व्ह्यू प्लॉट्स'. आजीने मला विचारलं, "काय रे लिहिलंय?" मी म्हटलं, "सुंदर दरीचा देखावा." आजी म्हणाली, "एकच शब्द दोनदा दिसतोय की." ब्याऐंशी वर्षांची बाई, इंग्रजी येत नाही, पण अक्षरांचा आकार बरोबर ओळखला.

मोबाईलवर डिक्शनरी उघडली. गॉर्ज : अरुंद, खोल दरी. आणि त्याच्याच खाली, गॉर्ज : अधाशासारखं खाणं, घशापर्यंत कोंबणं. दोन दिवसांत हावरटपणाचे दोन इंग्रजी शब्द माझ्याकडे चालत आले. रविवारी दुसरं काही सुचलंच नाही, ते घेऊन बसलो. शब्दांपासून सुरू झालेली वाट शेवटी मुळशीच्या पाण्यापाशी गेली. त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी बोल्ट. जुन्या इंग्रजीत बोल्ट म्हणजे आखूड, जड टोकाचा बाण. क्रॉसबो नावाचं आडवं धनुष्य असतं, त्यातून सोडायचा. बाकीचे बहुतेक अर्थ या बाणातूनच सुटले आहेत. आभाळातून पडणारी वीज म्हणजे देवाने मारलेला बाण, म्हणून थंडरबोल्ट. बाणासारखा दिसणारा लोखंडी दांडा दाराला आडवा सरकवला, तो बोल्ट. त्याला आटे पाडले, तो माझा मेकॅनिकलवाला बोल्ट. कापडाचा तागा लांबट गुंडाळलेला असतो, तोही बोल्ट. मग क्रियापदं. घोडा बिथरून उधळला, तर तो बोल्ट झाला. परसातली कोथिंबीर उन्हाने वेळेआधीच तुऱ्यावर आली, तर इंग्रज माळी तिलाही बोल्ट झाली म्हणतो. आणि अठराव्या शतकाच्या शेवटाकडे केव्हातरी घाससुद्धा बाणासारखा सुटून पोटात जायला लागला.

मला यात एक गंमत वाटते. दाराला घातलेला बोल्ट अडकवून ठेवतो आणि घोड्याने केलेला बोल्ट सुटून पळतो. एकाच शब्दात कडी आणि पळ. त्याहून मोठी गंमत म्हणजे इंग्रजीत आणखी एक बोल्ट आहे, फ्रेंचमधून आलेला, या बाणाशी काही नातं नसलेला. त्याचा अर्थ पीठ चाळणं. पिठाच्या गिरण्यांमध्ये रेशमी कापडाच्या चाळण्या असत, त्या कापडाला बोल्टिंग क्लॉथच म्हणतात. म्हणजे न चावता गिळणं हाही बोल्ट आणि वस्त्रगाळ करणं हाही बोल्ट. हे आपल्या 'गाळणे'सारखं झालं : चहा गाळला तर गाळ वेगळा होतो, आणि परीक्षेत गाळला तर प्रश्नच नाहीसा होतो.

आता गॉर्ज. हा फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा साधा अर्थ घसा. त्याच्या मागे लॅटिनमधला 'गुर्गेस' आहे, म्हणजे भोवरा, सगळं आत ओढून घेणारं पाणी. आधी पाणी, मग घसा, मग घशापर्यंत खाणं. डोंगरातल्या अरुंद वाटेला गॉर्ज म्हणायला इंग्रजांनी बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात सुरुवात केली. (किल्ल्यांच्या परिभाषेतही गॉर्ज आहे. बुरुजाची मागची, आत शिरायची उघडी बाजू. तोही घसाच.) एखाद्या गोष्टीची किळस आली की इंग्रज म्हणतो माझा गॉर्ज वर येतोय, म्हणजे आपल्या भाषेत पोटात ढवळतंय. आणि 'गॉर्जस' हा शब्दसुद्धा बहुधा याच घशातून आलाय असं मानतात, गळ्याभोवतीच्या ठसकेबाज वस्त्रावरून. म्हणजे आजीचा डोळा अगदीच चुकीचा नव्हता. ब्रोशर लिहिणाऱ्याला हे माहीत असेल यावर मात्र एक रुपयाची पैज लावणार नाही.

इथून पुढे मला खरी मजा आली. भाषाशास्त्रज्ञ त्या लॅटिन गुर्गेसच्या मागे एक फार जुना धातू लावतात, गिळणे या अर्थाचा, आणि त्याच धातूच्या दुसऱ्या फांदीवर संस्कृत 'गिरति' आहे. म्हणजे आपलं 'गिळणं'. फ्रेंचांचा घसा आणि आमच्या घरात रोज रात्री उशिरा आल्यावर ऐकू येणारं "आलास? गिळ आता" हे दूरचे चुलतभाऊ निघाले.

मराठीत जेवणाला शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. हादडणं, चापणं, हाणणं, ओरपणं, वरपणं, ताव मारणं, आडवा हात मारणं, फडशा पाडणं, फन्ना उडवणं. बकाबका, गपागपा, भसाभसा. तोबरा भरणं तर थेट घोड्यावरून आलंय, तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. (इंग्रजांचा घोडा खाऊन उधळतो, आपला उभ्या जागी खातो.) मी यांची दोन गटांत वाटणी करून पाहिली. इंग्रजी बोल्टमध्ये वेग आहे, किती खाल्लं ते महत्त्वाचं नाही. गॉर्जमध्ये माप आहे, किती वेळ लागला ते महत्त्वाचं नाही. बकाबका म्हणजे बोल्ट. आडवा हात म्हणजे गॉर्ज. आणि गिळणं? गिळण्यात दोन्ही आहे आणि वर एक तिसरी गोष्ट आहे. जे गिळलं ते परत दिसत नाही.

म्हणूनच असेल, मराठीत हे शब्द ताटावर थांबत नाहीत. जमीन गिळली. पैसे खाल्ले. भूखंड लाटला (लाटणं पोळपाटावरचंच ना शेवटी). बिल्डरच्या घशात घातली. वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी कोणाची ना कोणाची जमीन कोणाच्या ना कोणाच्या घशात जाते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात 'भूखंडाचं श्रीखंड' हा शब्दप्रयोग गाजला होता, तो अजून वापरात आहे. बरं, हे फक्त खाणाऱ्याच्या बाजूने नाही. जमिनीच्या कागदांतही पोट आहे. पोटहिस्सा, पोटखराबा. मी पहिल्यांदा सातबारा पाहिला तेव्हा पोटखराबा वाचून मला वाटलं, मालकाची तब्येत बरी नव्हती की काय. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा.

तर हे सगळं लिहून काढलेला कागद रविवारी दुपारी माझ्यासमोर होता. गॉर्जखाली : पाणी, घसा, दरी. बोल्टखाली : वीज, कडी, तागा, पळ. आणि शेजारी काकांचं ब्रोशर. हा कागद बघता बघता मला कळलं की मी आजीच्या माहेरची गोष्ट लिहून ठेवली आहे.

आपण हिंजवडीला जाणारे लोक रोज मुळशी तालुक्यात जातो हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मुळशी म्हणजे पावसाळ्यातली ट्रिप, ताम्हिणी घाट, कणीस आणि भजी. पण आयटी पार्क ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव मुळशी, मुख्यालय पौड. त्याच तालुक्यात, चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या धारेला लागून नीला आणि मुळा या नद्यांचं खोरं आहे. भातशेतीचं खोरं. इथला आंबेमोहोर पुण्यात नावाजलेला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा लांबून आणावा लागायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, ते नळांतून कोकणात सोडायचं आणि पायथ्याशी वीज करायची ही टाटांची योजना. पहिलं केंद्र खोपोलीचं, १९१५ साली सुरू झालं. दुसरं भिवपुरीचं, १९२२. तिसरं मुळशीच्या पाण्यावरचं, रायगड जिल्ह्यात भिऱ्याला, १९२७. इंजिनिअर म्हणून सांगायचं तर कल्पना अफलातून आहे. देशावरचं पाणी मूळचं पूर्वेला जायचं. मुळा, मुठा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. ते धरणाने अडवलं, बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली पेल्टन चाकांवर सोडलं. वीज करून झाली की ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला आपण ज्या पाण्यावर राफ्टिंग करतो ते हेच, भिऱ्याहून सकाळी सुटलेलं. नव्वदच्या दशकात तिथे आणखी एक संच बसवला, जो खाली गेलेलं पाणी पंपाने परत वर चढवू शकतो. गिळलेलं परत वर आणायचं, म्हणजे रवंथच की.

पण खोऱ्यात माणसं होती. पन्नासच्या आसपास गावं.

जमीन घेतली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. हा कायदा सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची मुभा देत असे, आणि त्यात कंपनीसाठी जमीन घेण्याचीही सोय होती. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होत्या, कसत होते मावळे. यातच सगळा गुंता होता. ज्याचं नाव कागदावर त्याला मोबदला दिसत होता, ज्याचे पाय चिखलात त्याला जमीन दिसत होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडलं. असहकाराचं वर्ष होतं. पुण्याची टिळकपक्षाची मंडळी पाठीशी होती, गांधींनी 'यंग इंडिया'त सहानुभूतीने लिहिलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. काही महिने काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यात होते. आणि पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यातून मिळाली. त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट या रविवारपर्यंत ठाऊक नव्हती. हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला होता तो इंजिनिअरिंग शिकायला. धरण म्हणजे काय हे न कळणारा अडाणी विरोध अशी या लढ्याची टिंगल करायची कोणाला हुक्की आली, तर निदान सेनापतींच्या बाबतीत ती चालणार नाही.

लढा हळूहळू दमला. सावकारांनी मोबदल्याची बाजू धरली, तुरुंगांनी बाकीच्यांना खाल्लं. (बघा, तुरुंगसुद्धा खातात.) डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, त्यात हत्यार वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. ते सुटले १९३१ साली. तोवर भिऱ्याची वीज मुंबईत पोचून चार वर्षं झाली होती. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय. इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलंय. २०२१ मध्ये शंभर वर्षं झाली. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करत होतो, विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपवर. मला पत्ताही नव्हता.

आता माझा कागद परत बघा. दरीच्या अरुंद घशात भिंत घातली आणि पाणी घशापर्यंत भरलं, हा गॉर्ज. त्या पाण्यातून वीज काढली, हा बोल्ट. मराठीत आभाळातली आणि तारेतली वीज एकच. इंग्रजीत दोन वेगळे शब्द. (आमचा शब्द जास्त बरोबर वाटतो मला, पण मी पक्षपाती आहे.) त्या विजेवर गिरण्यांमध्ये कापड विणलं गेलं आणि ताग्याच्या ताग्यांनी, म्हणजे बोल्टच्या बोल्टनी, बाजारात गेलं. इकडे सत्याग्रही खादी घालून तुरुंगात. हे मी जुळवलेलं नाही, शब्दांनी आपणहून जुळवलंय. अर्थात शब्द जुळतात म्हणून इतिहास सिद्ध होत नाही, हे कळण्याइतका मी मोठा आहे. तरी रविवारी रात्री मी हा कागद घेऊन आजीकडे गेलो.

आजीचा जन्म धरणानंतरचा. तिचे वडील त्या वेळी सहा-सात वर्षांचे. गाव बुडालं ते तिने पाहिलेलं नाही, पण तिच्या आजीने पाहिलं होतं, आणि आजीची आजी रोज संध्याकाळी तेच सांगायची म्हणे. मी आजीला दोन शब्दांचा फरक समजावला. एक खाणं भराभर, एक खाणं भरपूर. मग विचारलं, "धरणाने गाव कसं खाल्लं? भराभर की भरपूर?"

मला वाटलं होतं ती म्हणेल एका रात्रीत पाणी आलं. सिनेमात तसंच दाखवतात.

आजी म्हणाली, "पाणी सावकाश आलं रे. माझी आजी सांगायची, आज खालचा बांध, उद्या त्याच्या वरचा. लोक काठाला उभं राहून बघायचे. एकेका खाचराला नाव होतं, ती नावं घेत बघायचे. पाण्याला काय घाई? कागद आधी आले."

"म्हणजे?"

"म्हणजे नोटीस, मोजणी, अंगठा. ते झटपट झालं. काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. सावकाराचा माणूस म्हणाला अंगठा कर, केला. पाणी यायच्या आधीच जमीन गेलेली."

मी गप्प बसलो. दोन दिवस मी धरणाला गॉर्ज आणि विजेला बोल्ट लावत होतो आणि मुख्य बोल्ट माझ्या हातून सुटला होता. न चावता गिळलं ते पाण्याने नाही. पाण्याने चांगलं रवंथ करत, एक एक बांध मोजत खाल्लं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. न चावता गिळलं ते कागदाने. चावणं म्हणजे वाचणं, आणि वाचायला वेळ ठेवलाच नव्हता.

इथे मला काकांचं शनिवारचं वाक्य आठवलं. जेवता जेवता ते म्हणाले होते, "आत्या, सोमवारी पौडला रजिस्ट्रीची वेळ घेतलीय. तुमची फक्त एक सही. हक्कसोड. बाकी सगळं तयार आहे."

हक्कसोडपत्र म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावाबहिणींच्या नावे सोडून दिल्याचा नोंदणी केलेला दस्त. व्यवहारात तो नव्वद टक्के वेळा बहिणी सोडतात. (हा आकडा माझ्या नात्यातल्या लग्नांतून काढलेला आहे, संशोधन नाही.) साडीचोळी घेऊन सोडतात, माहेरचा उंबरठा बंद होऊ नये म्हणून सोडतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, पण कायदा दिल्लीत बदलतो आणि सही जेवणाच्या ताटाशेजारी होते.

काका वाईट माणूस नाही, हे मुद्दाम सांगतो. धरण झाल्यावर ती मंडळी डोंगराच्या कडेला सरकली, पाण्याच्या रेषेवर जे काही खडकाळ उरलं त्यावर तीन पिढ्या काढल्या. भात पिकायचा तो खाली गेला, वर नाचणी आणि वरई. काकांच्या मुलाला पुण्यात फ्लॅट हवाय. जमीन विकली तर मिळेल. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही ब्रोशर घेऊन फिरलो असतो. खरं तर 'मुळशी पॅटर्न' २०१८ साली थिएटरात पाहिला तेव्हा मला तो गुंडगिरीचा सिनेमा वाटला होता. आता वाटतं त्यातला मोठा भाग सही झाल्यानंतर काय होतं याचा आहे. ज्या शेताच्या पैशांची गाडी आली, त्याच शेतावरच्या बंगल्याच्या गेटवर उभं राहायचं.

शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलू? माझं ऑफिस ज्या जमिनीवर आहे तीही कोणाची तरी भाताची, उसाची होतीच. मी तिथे बसून पंधरा मिनिटांत पोळी बोल्ट करतो.

रविवारी रात्री आजी झोपल्यावर मी ऑनलाइन सातबारा काढला. हे एक काम मला जमतं. गट नंबर काकांच्या ब्रोशरच्या मागे पेनाने लिहिलेला होता. तो नंबर टाकला, कॅप्चा तीनदा चुकला, मग उतारा आला. क्षेत्र फार नाही, चाळीस गुंठ्यांच्या आत, त्यातला बराचसा पोटखराबा. वर मालकांच्या रकान्यात पुरुषांची नावं. आजीचं नाव तिथे नव्हतं. ते सापडलं उजवीकडे, 'इतर अधिकार'मध्ये, एका फेरफार क्रमांकाच्या आधाराने, तिच्या माहेरच्या नावाने. लग्नाला साठ वर्षं झाली, पण सातबाऱ्यावर ती अजून कोणाची तरी मुलगी होती.

सकाळी तिला दाखवलं. चष्मा लावून तिने मोबाईल लांब धरला, मग जवळ घेतला. स्वतःचं नाव बोटाने मोठं करून पाहिलं. दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "याच्या मागचा कागद काढता येतो का? हा नंबर दिलाय त्याचा?"

"फेरफार? येतो. पण जुना असेल तर पौडला जावं लागेल."

"मग जाऊ. पण सही करायला नाही, बघायला."

बाबा म्हणाले, "अगं पण आज वेळ घेतलीय त्यांनी."

"त्यांनी घेतलीय ना."

मी ऑफिसला सुट्टी टाकली. कारण काय लिहायचं कळेना, 'पर्सनल' लिहिलं. पौडला गेलो, रांग होती, आज होणार नाही म्हणाले, अर्ज देऊन पोच घेतली. येताना आजी म्हणाली धरणापर्यंत चल. पाणी बरंच भरलेलं होतं आणि पाऊस नव्हता, म्हणजे सगळं निळंशार, ब्रोशरसारखं. गॉर्जस म्हणायला हरकत नव्हती. आजी गाडीतून उतरली नाही. काच खाली केली आणि पाण्याकडे बोट करून तीन नावं घेतली. मला आधी माणसांची वाटली. खाचरांची होती. तिने ती शेतं कधीच पाहिलेली नाहीत, तिच्या वडिलांना अर्धवट आठवत होती, आणि नावं मात्र जशीच्या तशी. मी ती मोबाईलमध्ये लिहून घेतली. इथे देत नाही, ती तिची आहेत.

टपरीवर थांबलो. गरम कांदाभजी आली आणि मी सवयीने दोन एकदम तोंडात टाकली. जीभ भाजली. आजी म्हणाली, "चाव जरा. कोण घेऊन जात नाहीये तुझ्या पुढ्यातलं." मग स्वतःच हसली.

फेरफाराची नक्कल आठ-दहा दिवसांत मिळेल असं म्हणालेत. ती वाचल्यावर आजी सही करेल की नाही, मला खरंच माहीत नाही. विचारलं तर म्हणते, भाऊ आहे, भावाची पोरं आहेत, बघू. कदाचित करेलही. ती तिची गोष्ट.

आज सकाळी काकांचा पुन्हा फोन आला. आजी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसली होती, थोडी तुऱ्यावर आलेली. मी फोन तिच्यासमोर धरला तर तिने मान हलवली.

"सांग त्याला, जेवतेय म्हणावं."

साडेदहा वाजले होते.